आता दुखतंय म्हणायचं नाही

सहाव्या दिवशी सकाळीही डॉक्टर गद्रे बाईंनी विचारलं, "तामार, पोटात दुखतंय का गं?" आणि सहाव्या दिवशीही तामारने मान हलवली.

"नाही."

ताप एकशे दोन होता. नाकातली नळी कालच काढली होती, ती आज परत घालावी लागणार अशी लक्षणं होती, कारण सकाळी दिलेलं दोन चमचे पाणी तिने हिरवं करून बाहेर टाकलं होतं. ओठांची सालपटं निघालेली. नऊ वर्षांची पोर, पण उशीत अशी बुडाली होती की पाचाची वाटावी. आणि म्हणे दुखत नाही!

डॉक्टरबाईंनी टाक्यांच्या बाजूला अलगद हात ठेवला. तामारने दोन्ही मुठींत चादर धरली आणि ती छताकडे बघत राहिली.

"इथे?"

"नाही."

"आणि इथे?"

"नाही."

"धीराची आहे हो पोर," पायथ्याच्या स्टुलावर बसलेली ज्युडिथ म्हणाली. "आम्हा रोहेकरांची हाडंच तशी. माझ्या आजीने विंचू चावला तरी हूं की चूं केलं नव्हतं."

शीराने नणंदेकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं लक्ष त्या मुठींकडे होतं. ही तिची मुलगी होती. मागच्या वर्षी कान टोचताना हिने पेणच्या बाजारपेठेत अशी बोंब ठोकली होती की पलीकडचा भांडीवाला गिऱ्हाईक सोडून धावत आला होता. डास चावला तर हिला मलम लागायचं, आणि मलम लावलं की त्यावर फुंकर लागायची. त्या पोरीचं आतडं फुटून पोटभर पू झाला, पोट उभं कापलं, आणि सहा दिवसांत तिच्या तोंडून 'आई गं' एवढंही आलं नाही. हा धीर नव्हे. हे दुसरंच काहीतरी आहे, आणि ते काय आहे हे आपल्याला कळत नाही, या विचाराने शीराच्या तळपायाची आग मस्तकाला जात होती.

डॉक्टरबाईंनी तिला दाराशी बोलावलं. "पोटात पुन्हा कुठेतरी पू साचतोय असं मला वाटतं. परवाच्या सोनोग्राफीत गॅसमुळे नीट दिसलं नाही. ताप होता, पण ही दुखत नाही म्हणाली म्हणून मी दोन दिवस थांबले. आज परत करते. तिने नेमकी जागा दाखवली तर शोधणं सोपं जाईल. नाहीच सापडलं तर संध्याकाळी पेणहून मुंबईला हलवू. पण या तापात तो प्रवास मला नको आहे."

"ती बोलत का नाही, डॉक्टर?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होते," डॉक्टर म्हणाल्या. "आणि अजून एक. अपेंडिक्स फुटलं तरी पोटातली जाळी बहुतेक वेळा त्या जागेला कवटाळून बसते, पू एका कोपऱ्यात राहतो. हिच्या पोटात सगळीकडे पसरला होता. घरी काही जुलाबाचं दिलं होतं का? पोट चोळलं होतं?"

"नाही. मला तरी तसं कुणी सांगितलं नाही."

"केसपेपरवरही नाही असंच आहे," असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्या. सिस्टर मात्र तामारची फाईल खाटेवरच विसरून गेली.

शीराने ती उचलली. पेणच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये चौदा वर्षं काउंटरमागे उभं राहून डॉक्टरांची अक्षरं लावणं हाच तिचा धंदा होता. पहिल्या पानावर रविवारची नोंद होती, तामारला आणलं त्या दिवसाची. 'तीन दिवस पोटदुखी. आई नोकरीनिमित्त वेगळ्या गावी. आईने दखल घेण्यास उशीर केला. घरगुती औषध काही दिलेले नाही. माहिती देणार: आत्या.'

तिने ते दोनदा वाचलं. मग फाईल काखेत मारली, आणि ज्युडिथला म्हणाली, "ताई, जरा बाहेर या."

बाहेर पाण्याच्या कूलरशेजारच्या बाकावर एझ्रा बसला होता. कंपनीतली शिफ्ट संपवून तो तसाच इकडे आला होता आणि बिस्किटाचा पुडा हातात धरून पेंगत होता. नवऱ्याला झोप येते याचाही शीराला त्या क्षणी संताप आला.

"हे तुम्ही सांगितलंत?" तिने फाईल नणंदेपुढे धरली.

ज्युडिथने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "डॉक्टरांनी विचारलं. तू रक्ताच्या बाटलीसाठी धावत होतीस. कुणीतरी बोलायला नको होतं?"

"आईने उशीर केला?"

"मग कुणी? शीरा, मी तुला दोष देत नाही. पण पोर कुठे होती? रोह्याला. आई कुठे होती? पेणला, औषधं विकत."

"पोर रोह्याला का होती, ताई? तुम्ही चौदा वर्षांनी इस्रायलहून, अश्दोदहून आलात. भाचीला चार दिवस माझ्याकडे राहू दे म्हणालात. मी नाही म्हणत होते. याने," तिने एझ्राकडे बोट केलं, "याने मला म्हटलं, ताईचं मन मोडू नकोस. मी पाठवली. आणि काल अश्दोदहून माझ्या लिआमावशीचा फोन. मला म्हणते, 'शीरा, पुरे झाली आता नोकरी, पोरीकडे लक्ष दे.' सातासमुद्रापलीकडे माझी अब्रू पोचली की हो! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच."

"चोर कुणाला म्हणतेस?" ज्युडिथचा आवाज चढला. ती तीस वर्षं परदेशात राहिली, पण तिथे जाताना नेलेली रोह्याची बोली तिने जशीच्या तशी जपली होती, आणि रागावली की ती बाहेर यायची. "आमच्या घरात चोर नाय जन्मला."

"मी गुरुवारी फोन केला. तुम्ही म्हणालात, खेळतेय. शुक्रवारी दोनदा केला. एकदा म्हणालात अंगणात आहे, एकदा म्हणालात झोपलीय. शनिवारी तुम्ही फोनच उचलला नाहीत. तेव्हा ती उलट्या करत होती. मग मी दखल घ्यायची ती कशाची? हवेची?"

ज्युडिथने एझ्राकडे पाहिलं. एवढंच. पण बारा वर्षांच्या संसारात शीरा हे रोहेकरांचं बघणं चांगलंच ओळखायला लागली होती. त्या घरात काही झाकायचं असलं की ते आधी असं एकमेकांच्या डोळ्यांत ठेवलं जायचं.

"एझ्रा?"

एझ्राने बिस्किटाचा पुडा बाकावर ठेवला.

"एझ्रा, मी विचारतेय."

"ताईचा मला शुक्रवारी सकाळी फोन आला होता," तो म्हणाला. "तामारच्या पोटात दुखतंय, काय करू म्हणून. मला वाटलं, साधं पोट दुखत असेल. आंबे खाल्ले असतील."

"आणि?"

"आणि मीच म्हटलं, शीराला एवढ्यात सांगू नका."

शीराने पुढे धरलेली फाईल मिटली.

"तू सगळं टाकून धावत आली असतीस," एझ्रा घाईघाईने बोलू लागला. "आल्या आल्या ताईशी तुझं वाजलं असतं. रविवारी मलिदा ठरलेला. ताईच्या नातवाचा नवस, सात वर्षांनी पोर झालं तिच्या लेकीला. पेण, अलिबाग, रेवदंडा फिरून बाबांनी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवलेले. आपली माणसं आता उरलीत किती? त्यात घरात तमाशा नको म्हणून मी..."

"तमाशा," शीरा म्हणाली. "मी पोरीला डॉक्टरकडे नेलं असतं, त्याला तुमच्या घरात तमाशा म्हणतात."

"शीरा, हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! तू बाप आहेस की पाहुण्यांचा मांडव सांभाळणारा?"

"झालं गेलं," ज्युडिथ मध्ये पडली. "घरातल्या गोष्टी डॉक्टरपुढे कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची, शीरा."

"पोट झाकलं म्हणून आतला पू थांबत नाही, ताई. आणि मूठ तुमची झाकता, पण पेपरावर नाव माझं!"

एवढ्यात जिन्यावर काठी वाजली. तिघांनीही तिकडे पाहिलं.

वर येत होते इझिकेल रोहेकर. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्यावर टोपी, इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि दुसरा हात येसूच्या खांद्यावर. येसू म्हणजे रोह्याच्या घरी वीस वर्षं धुणीभांडी आणि शेताची कामं करणारी, नदीकडच्या आदिवासी वाडीतली बाई. येसूने यावं याचं नवल नव्हतं. नवल होतं ते म्हाताऱ्याच्या येण्याचं, कारण आज शनिवार होता.

इझिकेल ज्यू धर्माप्रमाणे शनिवार पाळत, त्या दिवशी गाडीत बसत नसत. त्यांच्या पणजोबांचा रोह्यात तेलाचा घाणा होता, शनिवारी तो फिरत नसे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. घाणा जाऊन दोन पिढ्या झाल्या, नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, पण म्हाताऱ्याने शनिवार सोडला नाही. बायको वारली त्या शनिवारी दिवस मावळेपर्यंत त्यांनी तिला घरातून हलू दिलं नव्हतं. एझ्राच्या बारावीच्या परीक्षेचा एक पेपर शनिवारी आला, तेव्हा मुलाला चालत पाठवलं होतं.

"बाबा?" ज्युडिथ उठून उभी राहिली. "शनवारी?"

"व्हय. शनवारी," इझिकेल म्हणाले. "सकाळच्या गाडीने आलो. कासू स्टेशनात थांबली तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. येसूने हात धरून बसवलं. शीरा, जरा पाणी दे, बाय."

शीराने पाणी दिलं. बसा म्हणाली नाही. सासऱ्याबद्दल तिला आदर होता, प्रेम होतं, आणि सहा दिवस झाले, त्यांच्याशी बोलायला तिची जीभ उचलत नव्हती. रविवारी ती रोह्याला पोचली तेव्हा ओटीवर एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिद्याचं ताट मांडलेलं होतं, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर पाच फळं. तामार भिंतीला टेकून बसलेली, चेहरा राखेसारखा. शीराने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, मी हिला घेऊन जाते. तेव्हा सगळे म्हणाले, प्रार्थना सुरू झालीय, अर्धा तास बस. आणि ती बसली! पोरगी मांडीवर घेऊन पुरा अर्धा तास बसली. तो अर्धा तास तिला स्वतःलाच माफ करता येत नव्हता, तर यांना कुठून करणार?

"डॉक्टर कुठायत?" इझिकेल म्हणाले. "मला त्यांच्याशी बोलायचंय. पण आधी तुझ्याशी."

"बाबा, आता काही नको," ज्युडिथ म्हणाली.

"तू गप. सहा दिवस तुझंच ऐकलं." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "शीरा, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावल्यावर आम्ही पोरीला एरंडेल पाजलं. अर्धी वाटी. मग हिने पोट चोळलं. माझी आई बसवायची तसं, बेंबी सरकली म्हणून. पोर कळवळत होती. मी तिचे पाय धरले होते."

कूलरमधून पाणी ठिबकत होतं.

"मला वाटलं, घाण्याचं तेल..." ज्युडिथ पुटपुटली. "आपल्या घरचं तेल. आपण सगळे त्याच तेलावर वाढलो. तिथे परक्या मुलखात मला रात्रंदिवस त्याचीच आठवण यायची. आजीचे हात, ती बरणी..."

"बरणी घाण्याची आहे, ताई," शीरा म्हणाली. तिचा आवाज आता इतका शांत झाला की एझ्रा दचकला. "तेल माझ्या दुकानातलं आहे. बाबांच्या टाचांच्या भेगांसाठी दिवाळीत मी दोन बाटल्या दिल्या होत्या. ते त्यांनी बरणीत ओतलं असेल. बरोबर ना, बाबा?"

इझिकेलनी मान खाली घातली. "तिला घाण्याचं वाटलं. मी वाटू दिलं. पोर चौदा वर्षांनी आलीय..."

"दिवसभर मी काउंटरवर उभी राहून लोकांना बजावते. गागोदेहून बाई आली, तिला सांगितलं. कोलाडचा टेम्पोवाला आला, त्याला सांगितलं. पोट दुखत असेल तर एरंडेल देऊ नका, चोळू नका, आधी दाखवा. अख्ख्या तालुक्याला अक्कल वाटली, आणि माझ्याच दुकानचं तेल माझ्याच पोरीच्या पोटात!" शांतपणा तेवढाच टिकला. "ताई, अश्दोदला तुमच्या नातवाला शिंक आली की तुम्ही फोटो पाठवता, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी हे तपासलं, ते तपासलं. तिथे कुणाची बेंबी सरकत नाही. तिथे आजीची बरणी लागत नाही. इथे आलात की तुम्हाला जुनं घर हवं, जुनं तेल हवं, जुन्या रीती हव्यात. हवं तर घ्या की! स्वतःच्या पोटावर करा. तुमची हौस भागवायला माझी मुलगी का?"

ज्युडिथ मटकन बाकावर बसली. तिच्या बाजूने बोलायला कुणीच उरलं नव्हतं.

"वैनी," येसू पहिल्यांदाच बोलली. ती जिन्याच्या कठड्यापाशीच उभी होती. "ते तेलाचं आजोबांनी सांगितलंन. पन दुसरं पन हाय. ते मी आयकलंय. सांगू का?"

"तुला कुणी विचारलं?" ज्युडिथने मान वर केली. सवयीने, दुसरं काय.

"मी विचारतेय," शीरा म्हणाली. "सांग, येसू."

"शनवारी दुपारी पोरीचं दुखायचं एकदम थांबलं. घरात सगली हसली. बेंबी बसली, नवसाला पावला म्हनाली. आजोबांनी हात जोडलंन, ताईंनी पोरीला चमचाभर साखर दिलीन. मी मागल्या दारी भांडी घाशीत व्हते, माजे हातच गळाले वैनी. माज्या पोरीचं, जनीचं असंच झालं व्हतं. सात वर्सं झाली. तीन दिस पोट धरून रडली, आन मग दुपारी थांबलं. आम्ही पन हसलो. तांदळाची भाकर खाऊ घातली तिला. दुसऱ्या दिशी पोर नाय." तिने पदराने नाक पुसलं. "म्हनून मी आजोबांना म्हटलं, पोरीला दवाखान्यात न्या, थांबलं म्हनूनच न्या. ते म्हनाले, आज शनवार हाय."

इझिकेल भिंतीकडे बघत होते. "जीव वाचवायला शनवार मोडावा, असंच आमच्यात सांगितलंय," ते म्हणाले. "लहानपणी मीच हे या दोघांना शिकवलं. पण मला पोरीचा जीव जातोय असं दिसलंच नाय. तिला दिसलं. भांडी घासता घासता."

"मग सांजच्याला पोर मागल्या दारी ताईंपाशी आली," येसू पुढे म्हणाली. "हलूच म्हनाली, आत्या, परत दुखतंय गो. सगल्या पोटात. तर ताई तिला म्हनाल्या, आता दुखतंय म्हनायचं नाय. आपन एलियाहूचं नाव घेऊन मलिदा बोललो ना? तू बरी झालीस म्हनून त्याचे उपकार मानले ना? आता दुखतंय म्हनालीस तर तो रागावंल, दिलेलं बरंपन परत घेईल. पोरीला शपथ घातलीन. मी आयकलं."

शीराने मागे वळून वॉर्डच्या दाराकडे पाहिलं. तिथून तामारची खाट दिसत होती. पोर दोन्ही मुठींत चादर धरून छताकडे बघत होती.

सहा दिवस. भूल उतरल्यापासून सहा दिवस. टाके, नळ्या, सुया, आणि आतल्या आत पू. बरंपण परत जाऊ नये म्हणून नऊ वर्षांची पोर दात आवळून पडली होती, आणि आत्या तिला धीराची म्हणत होती!

"तुम्हाला काय वाटलं, ताई?" शीराच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती रडत नव्हती. "लहान मुलीचं दुखणं ऐकलं की चिडतो, असा आहे तुमचा एलियाहू? माझा तसा नाही. लहानपणापासून मी त्याला हाका मारतेय. माझ्या आईने मला सांगितलं, तो दारोदार फिरतो, कुणाचं काय दुखतं ते विचारत. तुम्ही त्याला सासू करून ठेवलात."

"लहान मुलांना आपण सांगतोच ना काहीतरी..." ज्युडिथ म्हणाली. "मलिदा मोडेल अशी मला भीती वाटली. माझ्या लेकीचं बाळ... नवस अर्धा राहिला आणि त्याला काही झालं तर? मी त्या भीतीने बोलले, शीरा. देवाशप्पथ."

"तुमच्या लेकीच्या बाळाला काही होऊ नये म्हणून माझी लेक गप्प बसली. बरं झालं, कळलं." शीराने फाईल तिच्या मांडीवर ठेवली. "जा. डॉक्टरांना सांगा. आईने उशीर केला हे खोडा, आणि खरं काय ते लिहायला लावा."

पण उठले इझिकेल. त्यांनी काठी घेतली नाही. वॉर्डमध्ये जाऊन ते खाटेशेजारच्या स्टुलावर बसले, टोपी सारखी केली, आणि नातीच्या मुठीवर हात ठेवला. मागोमाग सगळे गेले. डॉक्टर गद्रे समोरच्या खाटेपाशी होत्या, त्याही वळून बघायला लागल्या.

"तामार, बाय. माझ्याकडे बघ. मलिद्याची प्रार्थना आपल्या घरात कोण म्हणतं?"

"तुम्ही, आजोबा."

"मग एलियाहूशी बोलतं कोण? मी की आत्या?"

तामारने विचार केला. "तुम्ही."

"मी आज गाडीत त्याच्याशी बोललो. शनवारी गाडीत बसलो म्हणून तो आधी माझ्यावरच उखडला असेल, असं मला वाटलं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आमची पोर बरी झाली नव्हती. आम्ही घाई केली. चूक आमची, पोरीची नाय. शपथ आम्ही घातली, ती आम्हीच सोडवतो." त्यांनी तिची एक मूठ सोडवली. "तुझ्यावर तो रागावलेला नाय. तो नुसता विचारतोय, कुठं दुखतं?"

तामारने आजोबांकडे पाहिलं, मग आईकडे. शेवटी तिने पायथ्याशी उभ्या असलेल्या ज्युडिथकडे पाहिलं आणि तिथेच बघत राहिली.

ज्युडिथने तोंडावर पदर धरला होता. तिने मान डोलावली. "सांग बाळा," ती कशीबशी म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं होतं."

"दुखतंय," तामार म्हणाली.

इतकं हळू की शीराला वाटलं, भास झाला.

"कुठे, सोन्या? मोठ्याने सांग. कितीही मोठ्याने."

"दुखतंय! आई, खूप दुखतंय! इथे," तिने फासळ्यांखाली उजव्या बाजूला बोट नेलं, "आणि खांदा पण. श्वास घेतला की खांद्यात दुखतं. काल पण दुखत होतं. परवा पण!"

"कुठला खांदा?" डॉक्टर गद्रे दोन ढांगांत खाटेपाशी आल्या. "उजवा? हा? बाळा, हे मला आधी का नाही..." त्या थांबल्या. सगळ्यांचे चेहरे पाहून त्यांना उत्तर मिळालं असावं. "सिस्टर, सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना थांबायला सांगा. पू यकृताच्या वर साचलाय, आपण खालीच शोधत होतो."

आणि तामारने भोकाड पसरलं. सहा दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. अख्खा वॉर्ड जागा झाला, एका खाटेवरचं बाळ तिच्या सुरात सूर मिसळून रडायला लागलं, आणि शीरा तिचा हात धरून म्हणत राहिली, "रड. अजून रड."

पू होता तिथेच. सोनोग्राफीत बघत बघत बारीक नळी घातली, वाटीभर निघाला. पोट पुन्हा कापावं लागलं नाही, मुंबईला न्यावं लागलं नाही. रविवारी सकाळी ताप शंभरवर आला आणि सोमवारी उतरला.

केसपेपरही बदलला. इझिकेलनी डॉक्टरांसमोर बसून शब्दन् शब्द सांगितला: तेल किती, केव्हा, कुणी पाजलं, कुणी चोळलं, पाय कुणी धरले. डॉक्टर मध्येच पेन थांबवून म्हणाल्या, "आजोबा, एवढं लिहायची गरज नाही." ते म्हणाले, "लिहा. आणि येसूने न्यायला सांगितलं होतं, तेही लिहा." मग ज्युडिथ पुढे झाली आणि म्हणाली, "आईचं नाव खोडा. तिला कळवलंच नव्हतं." एझ्रा दाराशी उभा होता. कुणी विचारलं नाही तरी तोही बोलला, "कळवू नका असं मी सांगितलं होतं." शीराने ते ऐकलं. त्याच्याशी काय करायचं ते ती घरी गेल्यावर बघणार होती, आणि ते सोपं जाणार नव्हतं, हे त्यालाही कळलं होतं.

बुधवारपासून तामारने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. सलाईन दुखतंय, पट्टी दुखतेय, उशी टोचते, बोटाला चिमटा लावलाय तो दुखतोय. सिस्टर शीराला म्हणाली, "ताई, ही आधीचीच बरी होती हो." शीरा हसली नाही. ती म्हणाली, "नव्हती."

गुरुवारी ज्युडिथचं विमान होतं. जाण्याआधी ती सामान घेऊनच आली, खाटेपाशी उभी राहिली, आणि काय बोलावं न कळून तामारच्या पोटावरची चादर सारखी करायला लागली. सवयीने तिचा तळवा पोटावर जरा टेकला.

"आता बरं वाटतं ना गो तुला?" ती म्हणाली.

तामारने तिच्याकडे सरळ पाहिलं.

"आत्या, दुखतंय," ती म्हणाली. "हात काढ."

ज्युडिथने हात काढला.